पन्नास किलोंच्या आतला दिवस

ऑलिंपिकमधली कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे अर्ध्या मिनिटाची उसंत. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगाट तीन कुस्त्या लढली. तिन्ही पूर्ण वेळ चालल्या, म्हणजे गादीवरचं तिचं काम अठरा मिनिटांचं झालं. स्वप्नील कुसळेच्या कांस्यपदकाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता, महाराष्ट्र अजून त्याच आनंदात होता. त्यात ही अठरा मिनिटं आली आणि कुस्तीशी एरवी काही देणंघेणं नसलेली माणसंसुद्धा टीव्हीसमोर येऊन बसली.

आपण तेवढीच मिनिटं पाहिली. पैलवानाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि आपण टीव्ही बंद केल्यावरही चालू राहतं. विनेशचा तो कामाचा दिवस एका वजनकाट्यावर सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काट्यावर संपला. मधल्या साऱ्या तासांचा हा हिशोब. वेळा पॅरिसच्या आहेत. आपली घड्याळं तेव्हा साडेतीन तास पुढे होती.

सकाळ : पहिलं वजन

वजन लढतीच्या पोशाखातच होतं. पायात काही नसतं आणि कपड्यांसाठी एक ग्रॅमचीही सूट नसते. डॉक्टर त्वचेला संसर्ग नाही ना ते पाहतात, नखं बारीक कापलेली आहेत ना ते पाहतात, आणि मग पैलवान काट्यावर उभी राहते. काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये दोन किलोंपर्यंत सवलत मिळते. ऑलिंपिकमध्ये ती नसते.

विनेशचा गट ५० किलोंचा, महिलांच्या सहा ऑलिंपिक गटांपैकी सगळ्यात हलका. तिचं एरवीचं वजन ५५ च्या पुढचं. बरीच वर्षं ती ५३ किलोंत लढत होती, पण त्या गटातली भारताची जागा अंतिम पंघालने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून मिळवली होती. विनेशला ऑलिंपिकला जायचं तर खाली उतरणं भाग होतं. मार्च २०२४ मध्ये पतियाळात ती एकाच दिवशी दोन गटांच्या निवड चाचणीला उतरली. एप्रिलमध्ये बिश्केकला तिने ५० किलोंतली जागा मिळवली.

पाच-सहा किलो उतरवायचे म्हणजे आधी जेवण कमी होतं, मग पिठूळ पदार्थ जातात, मग मीठ, आणि शेवटी पाणी. शरीर स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा ठेवतं, त्याच्या एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून साठा रिकामा केला की पाणीही जातं आणि काटा खाली येतो. या प्रकाराने कमी होते ती चरबी थोडी, ताकद आणि पाणीच जास्त. जगभरचे पैलवान हे करतात, कारण समोरची करते. एकटीने थांबायचं ठरवलं तर तिला आपल्यापेक्षा थोराड अंगाच्या मुलीशी झुंजावं लागतं.

हा काटा विनेशला आधीही नडला होता. २०१६ मध्ये रिओची पात्रता फेरी मंगोलियात होती. ४८ किलोंच्या गटात तिचं वजन ४०० ग्रॅम जास्त भरलं आणि तिला न लढताच परतावं लागलं. पुढच्या महिन्यात इस्तंबूलला जाऊन तिने पात्रता मिळवली. पॅरिसच्या त्या सकाळी मात्र ती ५० च्या आत होती. अधिकाऱ्यांनी नोंद केली आणि दिवस सुरू झाला.

सकाळी आठ ते अकरा : भरपाई

वजन झाल्यावर पहिली घाई असते ती अंगात परत काहीतरी घालण्याची. कोरड्या पडलेल्या शरीराने सहा मिनिटं जोर लावता येत नाही, पायात गोळे येतात. म्हणून पाणी, क्षार आणि पचायला हलकं अन्न थोडं थोडं द्यायचं. ते किती द्यायचं, हे आहारतज्ज्ञ आधी ठरवतात, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन आहे. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ परडीवाला यांनी नंतर सांगितलं की दिवसभराच्या लढतींना पुरावी एवढी शक्ती देणारा आहार सुमारे दीड किलोचा धरलेला होता.

दोनदा वजन करण्याचा नियम २०१८ च्या सुमारास आला. त्याआधी एका गटाच्या सगळ्या कुस्त्या एकाच दिवसात उरकत आणि वजन आदल्या संध्याकाळी होई. पैलवान जबर वजन उतरवत आणि रात्रभरात परत भरून काढत. ही सवय मोडावी म्हणून जागतिक संघटनेने स्पर्धा दोन दिवसांची केली आणि दोन्ही सकाळी काटा ठेवला. हेतू चांगला होता. पण वजन उतरवणं थांबलं नाही. जी अंतिम फेरीला पोहोचते, तिला ते लागोपाठ दोन दिवस करावं लागतं एवढंच झालं.

हे तास वाट पाहण्याचे. गादीवर उतरायला सज्ज झालेली ही बाई तोवर कुठून कुठे आली होती, ते इथेच सांगायला हवं. हरियाणातलं बलाली हे तिचं गाव. जन्म २५ ऑगस्ट १९९४ चा. वडील राजपाल बसचालक होते. आपण खाली रस्त्यावर बस चालवत असू आणि लेक वर विमानातून जात असेल, असं ते म्हणायचे, ही आठवण तिने स्वतः लिहून ठेवली आहे. ती लहान असतानाच त्यांची हत्या झाली. पुढच्या काही महिन्यांत आई प्रेमलता यांना तिसऱ्या टप्प्यातला कर्करोग असल्याचं निष्पन्न झालं. त्या माउलीने आजारही सोसला आणि मुलंही वाढवली. कुस्ती शिकवली काका महावीरसिंग फोगाट यांनी. गीता आणि बबिता या चुलत बहिणींबरोबर विनेश आखाड्यात उतरली, तेव्हा मुलींनी मुलांशी झुंजायचं हे गावाला मान्य नव्हतं. त्या काळात ऑलिंपिक म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. लांब केस असावेत आणि हातात मोबाइल असावा, एवढंच तेव्हाचं स्वप्न होतं, असंही तिने लिहिलं आहे.

साडेअकराच्या पुढे : युई सुसाकी

आयफेल टॉवरजवळच्या शाँ-द-मार्स अरीनात पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी पडली. सोडतीत याहून कठीण नाव निघू शकत नव्हतं. सुसाकी चार वेळा जगज्जेती होती. टोकियोत तिने एकही गुण न देता सुवर्ण जिंकलं होतं, आणि परदेशी पैलवानाकडून ती तोवर एकदाही हरली नव्हती. तिला हरवलं होतं ते तिच्याच देशातल्या युकी इरीने. त्या इरीला विनेशने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरवून सुवर्ण घेतलं होतं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला पैलवान.

सुसाकीची ताकद तिच्या वेगात. ती खाली वाकून विजेसारखी पायांत शिरते आणि पट काढते. विनेशने ठरवलेलं दिसत होतं की पाय द्यायचे नाहीत. ती सुसाकीचे हात धरून ठेवत होती, डोकं डोक्याला लावून तिला अंतरावर रोखत होती. यात धोका होता, कारण आक्रमण न करणाऱ्या पैलवानाविरुद्ध पंच गुण देतात. पहिल्या फेरीत असा एक गुण गेला, दुसऱ्या फेरीत आणखी एक. फलकावर ०-२. घड्याळात काही सेकंद उरले. पाहणाऱ्यांना वाटलं, चला, निदान चांगली झुंज दिली.

पाच मिनिटं पन्नास सेकंद सुसाकीवर पायांचं रक्षण करायची वेळच आली नव्हती, कारण समोरची हल्लाच करत नव्हती. विनेशने नेमका तोच क्षण साधला. सुसाकी जिंकल्यासारखी थोडी सैल झाली, विनेश आत शिरली, तिला गादीवर टेकवलं आणि ताबा घेतला. दोन गुण. २-२ झाले, आणि बरोबरीत मोठ्या डावाचा गुण असलेली जिंकते. जपानच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली, पंचांनी चित्रफीत पाहून ती फेटाळली, त्याचा दंड म्हणून आणखी एक गुण विनेशला. ३-२. ती गादीवरच आडवी झाली. हुकमी पट काढणारीला पटानेच हरवायचं, तेही पूर्ण लढत गुण गमावत थांबून, याला केवळ धाडस म्हणून चालणार नाही. समोरचीचा महिनोन्महिने अभ्यास केल्याखेरीज एवढं थांबता येत नाही.

दुपारी एकच्या सुमारास : ओक्साना लिवाच

श्वास पुरता बसायच्या आत दुसरी कुस्ती. युक्रेनची लिवाच ही युरोपची माजी विजेती. या वेळी विनेश वाट पाहत बसली नाही. सुरुवातीपासून पुढे गेली, आघाडी घेतली, आणि उत्तरार्धात दम कमी पडू लागल्यावर लिवाच गुण कमी करत आली. ७-५ वर विनेशने कुस्ती संपवली. तिन्ही लढतींत शरीराचा थकवा सर्वांत उघड दिसला तो इथे. शेवटच्या मिनिटात तिचे हात जड झाले होते आणि तरी पकड सुटली नव्हती.

दुपार : मधले तास

उपांत्य लढत संध्याकाळी होती. या वेळेत फिजिओ अश्विनी जीवन पाटील यांच्यासारखी माणसं कामाला लागतात. स्नायू मोकळे करायचे, गुडघा पाहायचा, घोट घोट पाणी द्यायचं. त्या गुडघ्याचा वेगळा इतिहास आहे.

रिओमध्ये १७ ऑगस्ट २०१६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या सुन यानानशी लढताना विनेशचा गुडघा निखळला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. त्याच दिवशी साक्षी मलिकने कांस्य जिंकलं. भारतीय महिला कुस्तीचं पहिलं ऑलिंपिक पदक आणि विनेशचं स्ट्रेचर ही एकाच दिवसाची दोन चित्रं. ती परत आली. २०१४ च्या ग्लासगोनंतर २०१८ चं गोल्ड कोस्ट आणि २०२२ चं बर्मिंगहॅम, अशी राष्ट्रकुलातली तीन सुवर्णं तिने घेतली. २०१९ आणि २०२२ मध्ये जागतिक कांस्यं. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत हरली आणि त्यानंतर राष्ट्रीय महासंघाने तिला निलंबित केलं.

मग आलं २०२३. जानेवारीत विनेश, साक्षी आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरणसिंह यांनी महिला पैलवानांचा लैंगिक छळ केल्याचा त्यांचा आरोप होता. ब्रिजभूषण यांनी तो फेटाळला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. एप्रिलमध्ये पैलवान पुन्हा बसले, आठवडे फूटपाथवर झोपले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघाले असताना पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून ओढत गाडीत घातलं. जागतिक पदक विजेतीच्या तयारीचे ते महिने असे गेले. ऑगस्टमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. वर्षअखेर तिने खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार परत करायचं ठरवलं आणि ते दिल्लीत कर्तव्यपथावर ठेवून दिले.

शस्त्रक्रियेनंतर वर्षही पुरं झालं नव्हतं. वय तीसच्या उंबरठ्यावर, अंगाला न मानवणारा गट, आणि सकाळपासून दोन कुस्त्या जिंकून ती तिसरीची वाट पाहत होती.

संध्याकाळी सातच्या सुमारास : युस्नेलिस गुझमान

क्युबाच्या गुझमानविरुद्ध विनेश दिवसभरातली सगळ्यात शांत कुस्ती खेळली. पहिल्या फेरीनंतर १-०. दुसऱ्या फेरीत पाय धरला, सोडला नाही, आणि गुण घेतले. ५-०. ऑलिंपिक कुस्तीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय महिला.

कुस्तीतलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत आणलं. त्यानंतर पुढच्या सगळ्या वर्षांत रौप्यापर्यंत पोहोचले ते सुशीलकुमार आणि रवी दहिया, दोघेच. सुवर्ण कुणालाच नाही. विनेशचं रौप्य त्या संध्याकाळी नक्की झालं होतं आणि सुवर्णाची लढत दुसऱ्या दिवशी होती, अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटशी. तिला विनेशने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत हरवलेलं होतं. विनेशने व्हिडिओ कॉल लावून आईला सांगितलं की सुवर्ण आणायचं आहे. भारतात त्या वेळी रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. लोक आनंदाने झोपायला गेले. तिच्या दिवसातले सर्वांत कष्टाचे तास अजून यायचे होते.

रात्री बारापर्यंत : २.७ किलो

लढतीनंतर वजन पाहिलं, ते मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरलं. नेहमीच्या अंदाजाहून हा आकडा बराच मोठा होता. तीन कुस्त्यांमध्ये घाम गेला म्हणून पाणी द्यावंच लागलं होतं. न दिलं असतं तर ती गादीवर कोसळली असती. त्यात बऱ्याच बायकांचं शरीर महिन्याच्या काही दिवसांत जास्त पाणी धरून ठेवतं. हा मुद्दा पुढे तिच्या बाजूने लवादासमोरही मांडला गेला.

त्यानंतर अन्न आणि पाणी बंद झालं. तिचे हंगेरियन प्रशिक्षक वोलर अकोस यांनी त्या रात्रीचा तपशील पुढे लिहिला. एक तास वीस मिनिटं व्यायाम, तरी दीड किलो बाकी. मग पन्नास मिनिटं सौना, आणि अंगावर घामाचा थेंबही नाही. शरीरातलं पाणी एका मर्यादेखाली गेलं की रक्त वाहतं ठेवण्यासाठी शरीर घाम बंद करतं. हृदय आणि मूत्रपिंडं वाचवण्याची ती त्याची रीत आहे. इथून पुढे प्रत्येक ग्रॅम शरीराच्या मर्जीविरुद्ध काढायचा होता.

मध्यरात्र ते पहाटे साडेपाच : यंत्रं

बारा वाजल्यापासून साडेपाचपर्यंत ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात राहिली, मधे कुस्तीचे डाव. एका वेळी पाऊण तास काम, दोन-तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा सुरू. ती कोसळली. तिला उठवून पुन्हा सौनात बसवलं. अकोस यांनी लिहिलं की ती मरेल की काय असं आपल्याला वाटलं होतं.

शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. केसांचं वजन ते किती! लहानपणी जिला लांब केस हवे होते, तिने तेही दिले. आरशासमोर कापलेले केस आणि काट्यासाठी कापलेले केस यांतला फरक त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत असणार.

हे सगळं काम आहे, हे लक्षात घ्यायला हवं. दिवसभर तीन कुस्त्या लढलेली, सकाळपासून मोजून खाल्लेली, रात्रभर न झोपलेली बाई पहाटे साडेपाचपर्यंत राबत होती. या तासांना गुण नाहीत, टाळ्या नाहीत. फलकावर ते दिसत नाहीत. पण हेच तास नसते तर अंतिम फेरीचा विचारही करता आला नसता.

७ ऑगस्ट, सकाळी सव्वासात : दुसरं वजन

दुसऱ्या दिवशीच्या वजनासाठी पंधरा मिनिटं असतात. त्या अवधीत पुन्हा काट्यावर उभं राहता येतं, तेही करून झालं. काटा ५० वर थांबला नाही. वजन १०० ग्रॅम जास्त होतं.

१०० ग्रॅम म्हणजे १०० मिलिलीटर पाणी. ५० किलोंच्या शरीराच्या हिशोबात ०.२ टक्के. २.७ किलोंपैकी २.६ तिने रात्रीत उतरवले होते. थोडी मुदत वाढवून द्या अशी विनंती भारतीय बाजूने केली गेली, ती मान्य झाली नाही. नियमात तशी तरतूद नव्हती.

नियमात होतं ते असं : पहिल्या किंवा दुसऱ्या वजनात जी नापास होईल ती स्पर्धेतून बाद आणि तिचा क्रमांक सगळ्यात शेवटचा. म्हणजे सुवर्णाची लढत गेली, रौप्यही गेलं, आणि आदल्या दिवशीचे तिन्ही विजय निकालपत्रात असून नसल्यासारखे झाले. सुसाकीला हरवणारी बाई सुसाकीच्या खाली, सर्वांत शेवटी.

दिवसभर आणि रात्र

शरीरातलं पाणी आटल्यामुळे तिला क्रीडाग्रामातल्या दवाखान्यात नेलं आणि शिरेतून द्रव दिले. रात्री अंतिम लढत झाली. विनेशच्या जागी गुझमान उतरली, जिला तिने आदल्या संध्याकाळी ५-० ने हरवलं होतं. हिल्डेब्रँट ३-० ने जिंकली. सुसाकीला कांस्य मिळालं. अकोस यांच्या आठवणीनुसार विनेशनेच त्यांना धीर दिला. पदक हा धातूचा तुकडा आहे, जगातल्या सर्वोत्तम पैलवानाला आपण हरवलं हे खरं, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. भारतात पहाट होत असताना तिने निवृत्ती जाहीर केली. कुस्तीला आई म्हणून हाक मारून, तू जिंकलीस आणि मी हरले, अशा अर्थाचं तिने लिहिलं.

तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि संयुक्त रौप्य मागितलं. १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला. लवाद अ‍ॅनाबेल बेनेट यांनी नियम स्पष्ट आहे आणि तो सर्वांना सारखा आहे असं म्हटलं. पण खेळाडूने काहीही गैर केलेलं नसताना होणारे हे परिणाम फार कठोर आहेत, हेही त्यांनी आपल्या निकालात नोंदवलं. दरम्यान त्याच पथकातल्या अमन सेहरावतने उपांत्य लढतीनंतरच्या रात्री सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले, काटा पार केला आणि कांस्यपदक आणलं. आपण त्याचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण एकाच आठवड्यात दोन पैलवानांना एकच जीवघेणी रात्र काढावी लागली. एकाला पदक मिळालं आणि एकीला शेवटचा क्रमांक.

हिशोब

नियम मोडून विनेशला पदक द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. नियम बदलायला हवा, असं ठामपणे म्हणतो. ६ ऑगस्टच्या सकाळी तिचं वजन नियमात होतं. त्या वजनावर ती तीन कुस्त्या लढली आणि तिन्ही चोख जिंकली. दुसऱ्या सकाळी काटा चुकला तर दुसऱ्या दिवशीची लढत जावी, पहिल्या दिवसाची कमाई नाही. अंतिम फेरी न लढता आल्याची किंमत रौप्य एवढीच असू शकते. पहिला दिवस पुसून टाकणारा नियम पैलवानाला एकच गोष्ट शिकवतो : काहीही करा, जीव धोक्यात घाला, पण काटा पार करा. खेळाडूंच्या तब्येतीसाठी आणलेल्या नियमाने हे शिकवावं, हा त्या नियमाचा दोष आहे.

विनेशचं काम तिथे थांबलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती जुलानामधून आमदार म्हणून निवडून आली, पुढच्या वर्षी आई झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवृत्ती मागे घेऊन २०२८ चं लॉस एंजेलिस हे ध्येय असल्याचं तिने जाहीर केलं.

आता आपल्याकडचं. २०२३ मध्ये पहिल्यांदा महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. तेव्हापासून गावोगावच्या तालमींत मुली दिसू लागल्या आहेत. ज्यांची लेक तालमीत जाते अशा आईबापांना आणि तिला शिकवणाऱ्या वस्तादांना माझं एक सांगणं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या वाढत्या मुलीला तालुका किंवा जिल्हा स्पर्धेसाठी उपाशी ठेवून, पाणी तोडून खालच्या गटात उतरवू नका. तिचं वजन भरेल त्या गटात तिला लढू द्या. हरली तर हरू द्या. पाळी चुकू लागली, चक्कर येऊ लागली, तर स्पर्धा सोडून आधी डॉक्टरकडे न्या. विनेशने त्या रात्री जे केलं ते तिने समजून-उमजून, जगातल्या सर्वांत मोठ्या लढतीसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत केलं, आणि तरीही तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आपल्या मुलींनी तिच्याकडून घ्यायचा तो सुसाकीविरुद्धचा शेवटच्या दहा सेकंदांतला पट. ती रात्र कुठल्याही मुलीने गिरवू नये, ही जबाबदारी आपली आहे.